किसणी आणि 'साफ'चं पान

लिफ्टच्या कंपनीत सगळे तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'किसणी'. नाव उगाच पडलेलं नव्हतं. साधं वाक्य तिच्या हातात द्यावं, तर ती त्याचा असा कीस काढी की लिहिणाऱ्याला वाटावं, हात मोडला असता तर बरं झालं असतं. 'दार नीट बंद करा' असं कुणी लिहून आणलं की ही विचारी, "नीट म्हणजे किती? फट दिसेनाशी होईतोवर, की खटका वाजेतोवर?" तो म्हणे, "अहो बाई, नीट म्हणजे नीट." मग ही पेन खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसे. आवाज चढवत नसे, हसत नसे, विषय सोडून उठतही नसे. बांधावरचा धोंडा जसा नांगराला जुमानत नाही, तशी. शेवटी समोरचाच घाम पुसून खटका वाजेतोवर म्हणून सांगे आणि सुटका करून घेई.

तिचं काम मदतीची पानं लिहायचं. प्रत्येक लिफ्टच्या डोक्यावर, मशीनरूममध्ये, एक छोटा कॉम्प्युटर असतो. ब्रेक कधी लागायचा, दार कधी उघडायचं, हे त्यातला प्रोग्राम ठरवतो. प्रोग्राम बदलत राहतात. कालचा, आजचा, गेल्या वर्षीचा, सगळ्या आवृत्त्या राखून ठेवायला कंपनीने घरचंच एक सॉफ्टवेअर केलं होतं. त्याला म्हणत कोठार. एखादी लिफ्ट नव्या प्रोग्रामने बिथरली तर कोठारातून जुना काढून घालता येई. कोठारात एकदा शिरलेली फाइल हरवत नसे, हा त्याचा मोठेपणा. मेकॅनिक कंपनीच्या व्हॅनने इमारतीवर जाई, लॅपटॉप घेऊन मशीनरूममध्ये चढे, कोठाराला कमांड टाइप करी, कमांडच्या मागे लागतील ते ऑप्शन जोडी. कोणता ऑप्शन काय करतो ते पानावर लिहिलेलं असे. ती पानं बाईंची.

आधी ती तक्रारींच्या फोनवर होती. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोनवर नुसता ओरडत असतो. त्याच्याकडून मजला, दार, दिवा, आत किती माणसं, हे सगळं काढून घेता घेता तिला प्रश्न विचारायची सवय लागली ती लागलीच. पुढे साहेबांनी तिला पानांवर बसवलं. म्हणाले, नाही तरी ही प्रश्नच विचारणार, निदान कागदावर विचारील. लग्न झालं होतं, टिकलं नाही. "त्याचाही कीस काढला असणार हिने," असं तिची वहिनी म्हणे, पण तिच्या देखत म्हणे, आणि दोघी हसत. ती थोरल्या भावाच्या घरी, माडीवरच्या खोलीत राही. दादा त्याच कंपनीत मेकॅनिक.

दादाचं थोडं सांगायला हवं, कारण त्या दिवशी सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं. हाताचा कसबी, पण डोक्याने चालणारा. एका बँकेतल्या लिफ्टचं काम त्याने पानावरचा क्रम सोडून, आपल्या अकलेने केलं. काम झालं चांगलं. पण तपासनीस नेमका मागे उभा होता. 'लिखित पद्धत सोडून काम केले' म्हणून दादाच्या हातात ताकीद पडली, आणि खाली 'अखेरची' असा शब्द. पुन्हा पान सोडलं तर घरी. दोन पोरी शिकत होत्या, वहिनीची शिलाई मशीन चाले तशी चाले. त्या दिवसापासून दादाने डोकं खुंटीला टांगलं. पानावर बोट ठेवायचं, ओठ हलवत वाचायचं, आणि मगच बटण दाबायचं.

त्या सकाळी एक सूचना निघाली. एका इमारतीत लिफ्टचं दार थांबल्यावर दोनदा उघडायला लागलं होतं. शोध घेतला तर जुन्या प्रोग्रामचा एक तुकडा फोल्डरात पडून राहिलेला, नवा प्रोग्राम त्यालाच जाऊन चिकटला. म्हणून हुकूम सुटला की आज दुपारपासून प्रत्येक मेकॅनिकने आपापल्या लिफ्टवर नवी आवृत्ती 'साफ' हा ऑप्शन लावूनच आणायची. सूचनेला 'साफ'चं पान जोडायला ती बाईंकडे आली.

बाईंनी पान उघडलं. हे पान तिच्या आधीपासूनचं. ऑप्शन कधी कुणी वापरला नव्हता, म्हणून पानाला कुणी हातही लावला नव्हता. त्यावर एकच ओळ होती.

'साफ : नवी आवृत्ती आणताना फोल्डरमधल्या जादा फायली काढून टाकतो.'

ती 'जादा'पाशी अडली. जादा, पण कुणाच्या लेखी?

ती अडली ती नुसत्या शब्दामुळे नाही. दादा रोज रात्री जेवताना बोले ते तिला ठाऊक होतं म्हणून. प्रत्येक लिफ्टची मापं वेगळी. दोर वर्षानुवर्षं ताणतात, इमारत एका अंगाने बसते, ब्रेक झिजतो. म्हणून कोणत्या मजल्यावर पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात ती पेटी, नेमका कुठे थांबवायचा, ते मेकॅनिक वजनं टाकून, वरखाली करून, केसाकेसाने ठरवतो आणि एका फाइलीत भरतो. ही मापांची फाइल कोठारात जात नाही. कोठारात काही घालायचं तर वरची मंजुरी लागते, आणि मापं तर दर देखभालीला बदलतात. मंजुरी येईतोवर दोर आणखी ताणलेला असायचा. म्हणून मेकॅनिक ती फाइल प्रोग्रामच्या शेजारीच, त्या लिफ्टच्या फोल्डरात ठेवत. त्यांचा आपसातला दंडकच होता तो. लिफ्टची वस्तू लिफ्टच्या फोल्डरात. पूर्वी एकाने मापं भलतीकडे ठेवली आणि एका लिफ्टची दुसरीला घातली, तेव्हापासून हा दंडक कुणी मोडला नव्हता.

तिने आपल्या मशीनवर एक खोटं फोल्डर केलं. त्यात प्रोग्राम घातला, शेजारी मापांची खोटी फाइल ठेवली, आणि 'साफ' लावून कमांड मारली. कोठाराने काम झाल्याचं सांगितलं. फाइल नव्हती. परत आणायची कमांड मारली, तर कोठार म्हणालं, अशी फाइल माझ्याकडे कधी आलीच नाही.

ती उठून कोठारीकडे गेली. कोठार ज्याने बांधलं त्याला सगळे कोठारी म्हणत. टेबलाखाली चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसणारा, सुकलेला माणूस.

"साफ नक्की काय काढतो?" तिने विचारलं.

"जादा असेल ते."

"जादा म्हणजे?"

"आली किसणी," तो स्वतःशीच म्हणाला, पण ऐकू जाईल असं. "कोठारात नोंद नाही ते जादा."

"मापांची फाइल?"

"नोंद आहे का तिची?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण तिला वगळ यादीत तुम्हीच घातलीत."

"घातली ना. कोठार रोज विचारायचं, ही नवी फाइल आत घेऊ का, घेऊ का. तुमचा भाऊच भांडायला आला होता. म्हणून यादी केली. यादीतल्या फाइलीबद्दल कोठार विचारणार नाही. राखण करतो असं मी कुठे म्हटलं?"

"मेकॅनिक लोक समजतात की यादीत आहे म्हणजे कोठार हात लावत नाही. आणि बाकीच्या सगळ्या कमांड लावतही नाहीत. हाच एक ऑप्शन लावतो."

"लावायलाच पाहिजे," कोठारीने पाय खाली घेतले. आता तो चिडला होता. "ते दार दोनदा उघडत होतं ना, त्यातला तुकडा कुठे होता ठाऊक आहे? वगळ यादीतच. यादी सोडून साफ केलं असतं तर दार अजून तसंच उघडलं असतं. ऑप्शन बरोबर आहे, बाई."

त्याचं म्हणणं खरं होतं. ऑप्शन बरोबर होता. पानच तोकडं होतं. आणि दुपार जवळ येत चालली होती.

तिने जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. तो जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, वरच्या मशीनरूममध्ये होता. तिथे पलंग आत जाईल अशी एकच मोठी लिफ्ट. खालून ऑपरेशनचे पेशंट तिच्यातूनच वर जात.

"डबा खातोय," दादा म्हणाला.

"तो साफ मारू नकोस दादा."

चावण्याचा आवाज थांबला. "का?"

"मापं जातील."

"यादीत आहेत की."

"यादीतलंही जातं. मी आत्ता करून बघितलं."

"पानावर काय लिहिलंय?"

"जादा फायली काढतो, असं."

"मग मापं जादा आहेत का?"

"नाहीत रे बाबा. म्हणून तर फोन केला."

"मग पानाप्रमाणे मापं राहतात."

"पान अपुरं आहे, दादा."

"पान कुणाचं? तुमच्याच खात्याचं ना?" दादा पाणी प्यायला, ते तिला ऐकू आलं. "हे बघ धाकटे. मागे मी डोकं चालवलं, तर हातात कागद आला. आज तू तोंडी सांगितलंस म्हणून थांबलो, तर उद्या साहेब विचारणार, का थांबलास. काय सांगू? बहिणीचा फोन आला होता?"

"सांग."

"वा. म्हणजे घरचा कारभार. नाही जमायचं. पानावर लिहून आण. पानावर असेल ते अक्षरन् अक्षर करीन. विहिरीत उडी मार असं लिहिलंस तरी मारीन, फक्त पाणी किती आहे तेवढं लिही."

"मापं गेली तर?"

"गेली तर पाळणा उंबऱ्याच्या खाली थांबेल. ट्रॉलीचं पुढचं चाक अडकेल. नव्याने मापं घ्यायला दोन दिवस. दोन दिवस हॉस्पिटल जिन्याने पेशंट नेईल आणि शिव्या मला घालील. आणि मग मी घरी, शिलाई मशीनवर." त्याने डबा मिटला. "पण पानाप्रमाणे केलं असेल तर निदान बोलायला तोंड राहील. तुझ्या तोंडी सांगण्यावर तेही नाही."

"लिफ्ट कधी देतायत?"

"जेवणं झाली की. मेट्रनबाईंनी तासभर दिलाय. मिनिट जास्त नाही म्हणाल्या."

ती धावत वर आली. पानं सकाळीच गोठवली होती. सूचना निघाली की तिला जोडलेल्या पानातला शब्द हलवायचा तर दोन मंजुऱ्या लागत. एक कोठारीची, म्हणजे लिहिलं ते खरं आहे याची. दुसरी साहेबांची, म्हणजे ते छापायला हरकत नाही याची.

तिने कोठारीसमोर कागद धरला. 'सावधान. हा ऑप्शन मापं पुसतो.'

"चूक," कोठारी म्हणाला. "कोठाराला मापं म्हणजे काय हे कळत नाही. त्याला फाइल कळते. उद्या कुणी मापं कोठारात घातली तर पुसली जाणार नाहीत. मग तुमचं वाक्य खोटं."

"मग तुम्ही सांगा."

"नोंद नसलेली प्रत्येक फाइल."

"यादीतली सुद्धा, हे वेगळं लिहायचं."

"प्रत्येक म्हटल्यावर आलंच की त्यात."

"तुमच्या लेखी आलं. व्हॅनमधल्या माणसाच्या लेखी यादी म्हणजे कुंपण. ते वेगळं लिहायचं."

कोठारीने खांदे उडवले. "लिहा. खोटं नाही ते."

"परत मिळत नाहीत, हेही."

"लिहा. कोठारात कधी आलंच नाही ते मी आणू कुठून?" मग तो काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाला, "आणि बाई, साफच्या पुढे 'दाखव' जोडलं की तो काही काढत नाही. काय काय काढीन त्याची नुसती यादी दाखवतो."

ती बघतच राहिली. "हे कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही. माझ्यासाठी केलं होतं. मला स्वतःला भीती वाटायची."

ही माहिती सोन्यासारखी होती. तिने ती शेवटी लिहिली. कोठारीने वाचून मंजुरी टाकली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने मुद्दाम बघितलं नाही. कँटीनमधून लोक हात पुसत परत येताना दिसत होते, तेवढं पुरे होतं.

साहेब मोठ्या गिऱ्हाइकांना घेऊन बैठकीला निघाले होते. तिने त्यांना वर, बैठकीच्या खोलीच्या दारातच अडवलं.

"आज नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत घाला."

"पुढच्या आवृत्तीपर्यंत मापं उरणार नाहीत."

"बाई, सूचना गेली. आता पान बदललं की व्हॅनवाले थांबणार, फोन करणार, आमचं काय चुकलं म्हणून विचारणार."

"मग सूचनाच उद्यावर ढकला."

"दार दोनदा उघडल्याचं प्रकरण वरपर्यंत गेलंय. आज होईल असा मी शब्द दिलाय." साहेबांनी कागद घेतला, कारण तो घेतल्याशिवाय ती दारातून हलणार नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. "हे सावधान कशाला?"

"ते कोठारींनीच खोडलंय. खाली बघा."

साहेबांनी वाचलं. "परत मिळत नाहीत. हे वाचून माणूस घाबरेल."

"घाबरायलाच पाहिजे."

"पण मग त्याने करायचं काय, ते नाही यात. नुसती भीती घालू नका, उपाय सांगा. उपाय असेल तर मंजूर."

तिने तिथेच, दाराच्या चौकटीवर कागद टेकून, एक वाक्य जास्तीचं लिहिलं. साहेबांनी ते बघितलं, फोनवर मंजुरी टाकली आणि काचेचं दार लोटून आत गेले. कोठारीलाही गिऱ्हाइकांसमोर बसवायचं होतं, तोही चपला शोधून आला, वाढलेलं वाक्य वाचून हो म्हणाला आणि मागोमाग आत गेला.

तिने पान चढवलं. आता ते असं होतं.

'साफ : नवी आवृत्ती आणताना, कोठारात नोंद नसलेली प्रत्येक फाइल लिफ्टच्या फोल्डरमधून काढून टाकतो. वगळ यादीतल्या फायलीही काढल्या जातात. काढलेल्या फायली कोठारातून परत मिळत नाहीत. मापांची फाइल असल्यास आधी तिची प्रत काढून ठेवा. काय काढलं जाईल ते अगोदर पाहण्यासाठी साफपुढे दाखव जोडा.'

दादाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. घंटी वाजून बंद पडली. तो काम सुरू करताना फोन डब्याच्या पिशवीत टाकतो, हे तिला ठाऊक होतं. त्याने सकाळीच पान वाचून ठेवलं असेल आणि आता नुसतीच कमांड मारली असेल, तर सगळी धावपळ पाण्यात. शेजारच्या टेबलावरची मुलगी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. बाईंच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण चावून चपटं झालं होतं.

फोन वाजला.

"धाकटे, पान बदललंय."

"हो."

"सकाळी असं नव्हतं."

"नव्हतं. वाचलंस ना?"

"बोट ठेवून वाचलं. तसंच केलं. प्रत काढून ठेवली. मग साफपुढे दाखव जोडलं. काय काय नेणार त्याची यादी आली समोर. जुने तुकडे आहेत, त्यांना जाऊ दे. त्याखाली मापांची फाइल. ती जाणार, हे तू लिहिलंयस. आणि तिच्याखाली मापांची प्रत."

"काय?"

"प्रत. मी काढली ती. तिलाही घेऊन जातो म्हणतोय."

"तू प्रत ठेवलीस कुठे?"

"कुठे म्हणजे? लिफ्टच्या फोल्डरात."

प्रत काढून ठेवा, एवढंच तिने लिहिलं होतं. कुठे ठेवा ते लिहिलं नव्हतं. कोठारीच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्याच्या मनात प्रत म्हणजे दुसरीकडे ठेवलेली. साहेबांच्या आलं नाही, कारण साहेबांना उपाय हवा होता, तो मिळाला. आणि तिच्या? मेकॅनिकच्या घरात जेवणारी ती, दंडक रोज कानावर पडलेला, तरी चौकटीला टेकून लिहिताना विसरली. दादा चुकला नव्हता. त्याने पानही पाळलं होतं आणि दंडकही. इतर व्हॅनमधले लोकही नेमकं हेच करणार होते.

"बोल की," दादा म्हणाला. "पान म्हणतं प्रत ठेव. कोठार म्हणतं प्रतही नेतो. मी कुणाचं ऐकू?"

"बाहेर ठेव. डेस्कटॉपवर ठेव. फोल्डरात ठेवू नकोस."

"लिही."

"मी बोलतेय ना आता."

"मघाशीही बोलतच होतीस. लिही."

मागून एका बाईचा आवाज आला, जिना चढून आल्यावर असतो तसा दमलेला. "अहो मेकॅनिक, झालं का? पेशंटला सुई दिलीय. खाली ट्रॉलीवर आहे. मला लिफ्ट पाहिजे."

"एवढं झालंच, मेट्रनबाई," दादा म्हणाला आणि आवाज बारीक करून फोनमध्ये म्हणाला, "ऐकलंस ना?"

ती कोठारीच्या टेबलाकडे गेली. खुर्ची रिकामी. टेबलावरच्या फोनवरून त्याचा मोबाइल लावला, तो त्याच्याच ड्रॉवरमध्ये गुरगुरला. ती जिना चढून बैठकीच्या खोलीपर्यंत गेली. काचेआड साहेब उभे राहून भिंतीवर काहीतरी दाखवत होते, गिऱ्हाइकं माना हलवत होती, कोठारी कोपऱ्यात ताठ बसला होता. तिने काचेवर बोट वाजवलं. साहेबांनी न वळता तळवा दाखवला, थांबा. ती थांबली. तळवा खाली येईना. हातातल्या फोनवर दादा काही बोलत नव्हता, पण मशीनरूमचा पंखा घरघरत होता, आणि मेट्रनबाई कुणाला तरी सांगत होत्या की जिन्यावरून न्यायला चार माणसं बघून ठेव.

ती खाली आली. पान उघडलं. 'प्रत काढून' आणि 'ठेवा' यांच्यामध्ये तिने 'लिफ्टच्या फोल्डरच्या बाहेर' असं घातलं. चढवायचं बटण दाबलं तर मशीनने विचारलं, मंजुरी कुणाची. दोन चौकटी. रिकाम्या ठेवून पुढे जाता येत नव्हतं. कोठारीचं नाव टाकणं सोपं होतं, नंतर तो हो म्हणालाही असता. तिने ते टाकलं नाही. दोन्ही चौकटींत स्वतःचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

"वाच," ती फोनमध्ये म्हणाली.

दादा पान नव्याने उघडत होता. हॉस्पिटलाच्या गच्चीवर रेंज अधूनमधून येई, अधूनमधून जाई. ती ऐकत राहिली. मग त्याचं पुटपुटणं सुरू झालं, एकेक शब्द, शाळेतल्या पोरासारखं. "प्रत... लिफ्टच्या... फोल्डरच्या बाहेर. हां." खटखट झालं. "बाहेर ठेवली. आता पुन्हा दाखव जोडतो." पुन्हा खटखट. "तुकडे जाणार. मापं जाणार. प्रत यादीत नाही."

"नीट बघ."

"नीट म्हणजे किती?" दादा म्हणाला, आणि तेवढ्या घाईतही तिला कळलं की तो आता सावरला आहे. "मारतो."

बटण वाजलं. मग तो म्हणाला, "गेलं. नवी आवृत्ती आली. मापं आत आणतो. आणली. खाली पाळण्यात जातो, तिथे फोन चालत नाही."

फोन तुटला.

पुढचा वेळ तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. दादा पाळण्यात एकटा शिरला असेल, दार मिटलं असेल, प्रत्येक मजल्यावर थांबून पायाच्या अंगठ्याने उंबरा चाचपला असेल. तो नेहमी बूट काढून तपासतो. बुटाला जे कळत नाही ते अंगठ्याला कळतं म्हणे. एखाद्या मजल्यावर बोटभर जरी खाली गेला असेल, तरी मेट्रनबाई तिथेच उभ्या असतील, आणि ती चार माणसं जिन्याशी.

फोन आला तो दादाचा.

"बसली. सगळीकडे उंबऱ्याशी उंबरा. ट्रॉली गेली वर."

"चाक?"

"अडकलं नाही. ठेवतो, हात काळे आहेत."

गिऱ्हाइकं गेली. साहेब आणि कोठारी खाली आले. पान बदलल्याची खूण साहेबांच्या फोनवर आधीच पोचली होती.

"माझ्या मंजुरीच्या जागी हे कुणाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुम्ही तळवा दाखवलात."

कोठारीने पडद्यावर वाकून नवं वाक्य वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. "फोल्डरच्या आत प्रत ठेवतं का कुणी?" तो म्हणाला, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने स्वतःच्या नावाची चौकट दुरुस्त करून मंजुरी टाकली. साहेबांनी मात्र टाकली नाही. म्हणाले, शब्द बरोबर असतील, पण गोठवलेल्या पानाला कुणीही हात लावायला लागलं तर उद्या पानावर कुणी विश्वास ठेवायचा? ते काही खोटं बोलत नव्हते. दादा त्याच विश्वासावर तर मशीनरूममध्ये बसला होता.

पान तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत इतर व्हॅनमधून एकही मापं गेल्याचा फोन आला नाही. एक फोन आला तो एवढंच विचारायला की दाखवचा ऑप्शन इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता. तो कोठारीने घेतला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर ताकीद आली. 'गोठवलेल्या पानात अनधिकृत बदल केला.' तिने ती वाचली, उठली, आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सही करायची आहे ना तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"करते. पण बदल केला, एवढंच आहे यात. कोणता केला ते नाही. उद्या कुणी वाचलं तर त्याला वाटेल मी ऑप्शनच उडवला."

"बाई, ही ताकीद आहे. मदतीचं पान नाही."

ती कागद टेबलावर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेबांनी फोन घेतला, ठेवला, खिडकीबाहेर बघितलं. शेवटी पेन काढून त्यांनी ओळीच्या खाली लिहिलं, की मंजुरीशिवाय 'लिफ्टच्या फोल्डरच्या बाहेर' हे शब्द घातले.

मग तिने सही केली.